कोशीचा सिद्धांत: दप्तरातून छापखान्यापर्यंत

१/
१८ डिसेंबर १८११. गटिंगेनच्या वेधशाळेचे प्रमुख कार्ल फ्रीड्रिश गाऊस यांनी कोनिग्सबर्गमधील आपले मित्र, खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिश बेसेल यांना एक पत्र लिहिले. गणिती चर्चेच्या ओघात त्यांनी त्यात एक सिद्धांत अवघ्या काही ओळींत मांडला. हा सिद्धांत फार सुंदर आहे, त्याची सिद्धता अवघड नाही आणि ती योग्य प्रसंगी देता येईल, अशा आशयाचा मजकूरही सोबत होता. तो योग्य प्रसंग गाऊस यांच्या हयातीत आलाच नाही. पत्र बेसेल यांच्या दप्तरात जाऊन पडले.

२/
आज जगभरच्या विद्यापीठांत गणिताचा विद्यार्थी हा सिद्धांत शिकतो. संमिश्र संख्यांच्या विश्लेषणाची इमारत त्याच्याच पायावर उभी आहे. मात्र त्याचे नाव आहे 'कोशीचा सिद्धांत'. ज्यांनी तो आधी ओळखला, त्या गाऊस यांचे नाव त्याला नाही. हा अन्याय म्हणावा काय? या प्रश्नाचा माग काढताना फ्रेंच राज्यक्रांती, एका राजनिष्ठाचा विजनवास, दप्तरात अडकलेली हस्तलिखिते आणि मद्रासचा एक कारकून अशी वळणे लागतात. तोच या धाग्याचा विषय.

३/
मुळात 'संमिश्र' संख्या आल्या कोठून? १५४५ मध्ये इटलीच्या जिरोलामो कार्दानो यांनी एक कोडे मांडले: १० चे असे दोन भाग करा, की त्यांचा गुणाकार ४० यावा. उत्तरात ऋण १५ चे वर्गमूळ आले. कोणत्याही परिचित संख्येचा वर्ग ऋण नसतो. म्हणून हे उत्तर त्यांना जितके सूक्ष्म, तितकेच निरुपयोगी वाटले. १५७२ मध्ये राफाएल बोंबेली यांनी एक घन समीकरण घेतले. त्याचे उत्तर ४ इतके साधे. परंतु कार्दानोंच्या सूत्राने तेथे पोहोचायचे तर याच 'अशक्य' वर्गमुळांतून जावे लागे. वाट काल्पनिक, मुक्काम मात्र खरा.

४/
पुढची सव्वादोनशे वर्षे या संख्या वापरात राहिल्या, पण संशयितांसारख्या. त्यांना घर मिळाले ते डेन्मार्कच्या सेवेतील भूमापक कास्पर वेसेल यांच्या १७९९ मध्ये छापलेल्या निबंधात आणि पॅरिसच्या ज्याँ-रोबेर आरगाँ यांच्या १८०६ च्या पुस्तिकेत. नेहमीच्या संख्या एका आडव्या रेषेवर मांडाव्यात आणि काल्पनिक संख्या तिला छेदणाऱ्या उभ्या रेषेवर. मग प्रत्येक संमिश्र संख्या म्हणजे कागदाच्या प्रतलावरचा एक बिंदू. संख्यांना आता केवळ मागे-पुढे नव्हे, तर चारी दिशा मोकळ्या झाल्या.

५/
आणि येथेच एक नवा प्रश्न उभा राहिला. समाकलन, म्हणजेच इंटिग्रेशन, ही एक प्रकारची बेरीज असते. एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत लहान-लहान पावले टाकीत जायचे, प्रत्येक पावलाला त्या जागी असलेल्या फलनाच्या किमतीने गुणायचे आणि सगळे गुणाकार एकत्र करायचे. संख्यारेषेवर ० पासून १ पर्यंत सरळ जाणारा रस्ता एकच. प्रतलावर मात्र दोन बिंदूंमध्ये असंख्य वाटा. मग बेरीज कोणत्या वाटेने करायची? प्रत्येक वाटेला उत्तर वेगळे आले, तर त्या बेरजेला अर्थ काय राहिला?

६/
सिद्धांताचे उत्तर असे: दोन वाटांनी वेढलेल्या प्रदेशात आणि त्या वाटांवर फलन प्रत्येक बिंदूपाशी सुरळीत असेल, म्हणजे सर्वत्र त्याचा अवकलज (डेरिव्हेटिव्ह) अस्तित्वात असेल, तर दोन्ही वाटांनी बेरीज एकच येते. गड चढताना कोणतीही पायवाट धरली, तरी पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा उंचीतील फरक तितकाच राहतो, तसेच हे. एका वाटेने चढून दुसरीने पायथ्याशी परतले, तर उंचीची कमाई शून्य. गणिताच्या भाषेत: अशा प्रदेशातील बंद वक्रावरचे समाकलन शून्य असते.

७/
खरी गंमत अटीत आहे. १ भागिले z हे फलन घ्या. z शून्य होताच त्याची किंमत अनंत होते; शून्यापाशी जणू प्रतलाला भोक पडते. त्या भोकाभोवती एक फेरी मारली, तर बेरीज शून्य येत नाही. ती २πi येते. आणखी एक फेरी मारली, की आणखी २πi. मिनारातल्या गोल जिन्याने मधल्या खांबाभोवती एक फेरा घेतला, की नकाशावर माणूस जागच्या जागी दिसतो, प्रत्यक्षात मात्र एक मजला वर पोहोचलेला असतो. म्हणजे केवळ कडेकडेने फिरून आत काही दडले आहे की नाही, हे ओळखता येते. सिद्धांताचे सामर्थ्य याच निरीक्षणात आहे.

८/
आता कोशी. ऑग्युस्तँ-लुई कोशी यांचा जन्म पॅरिसमध्ये २१ ऑगस्ट १७८९ रोजी झाला, बास्तीयचा तुरुंग पडून सव्वा महिना झाला असताना. वडील राजवटीच्या पोलीस खात्यातील अधिकारी. दहशतीच्या काळात कुटुंबाला पॅरिस सोडून आर्केय या गावी आश्रय घ्यावा लागला. क्रांती म्हणजे संकट, हा धडा या मुलाने बालपणीच घेतला आणि तो जन्मभर विसरला नाही. पुढे कोशी अभियंता झाले आणि १८१० मध्ये शेरबूर येथे नेपोलियनच्या नौदलासाठी चाललेल्या बंदराच्या कामावर रुजू झाले. दिवसा बंदराचे काम आणि उरलेल्या वेळात गणित, असा तेथला क्रम होता.

९/
२२ ऑगस्ट १८१४. पंचविसावा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता. त्या दिवशी कोशी यांनी पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे निश्चित समाकलांवरील निबंध सादर केला. ऑयलर आणि लाप्लास काल्पनिक संख्यांच्या आधारे अवघड समाकल सोडवीत. उत्तरे बरोबर येत, पण ती का येतात हे सांगता येत नसे. त्या युक्तीला कोशींना पक्का आधार द्यायचा होता. त्यांनी आयताच्या कडांवरून बेरीज केली आणि आत फलन अनंत होत असेल, तर नेमका किती फरक पडतो हे दाखवले. अद्याप वाट वाकडी झालेली नव्हती. आयतापुढे विचार गेला नव्हता. निबंध छापून येण्यास १८२७ उजाडले.

१०/
मधल्या काळात राजकारण पालटले. बूर्बाँ घराणे पुन्हा गादीवर आले आणि १८१६ मध्ये विज्ञान अकादमीतून गास्पार मोंज आणि लाझार कार्नो या क्रांतीशी जोडलेल्या दोघांना काढून टाकण्यात आले. रिकाम्या जागांपैकी एकीवर राजाज्ञेने कोशी आले. निवडणूक झाली नाही. योग्यतेबद्दल शंका नव्हती, पण मोंज यांच्यासारख्या आदरणीय गुरूच्या हकालपट्टीनंतर ती खुर्ची स्वीकारणे अनेकांना रुचले नाही. कोशींना त्यात काही वावगे वाटले नाही. धर्म आणि राजा या दोन निष्ठांबाबत त्यांनी आयुष्यात कधीच तडजोड केली नाही.

११/
ऑगस्ट १८२५ मध्ये कोशी यांची एक छोटी पुस्तिका निघाली. विषय: काल्पनिक मर्यादांमधील निश्चित समाकल. चौदा वर्षांपूर्वी गाऊस यांनी पत्रात लिहिलेली गोष्ट येथे प्रथमच जाहीरपणे, सिद्धतेसह मांडली गेली. वाट किंचित हलवली तर बेरजेत काय फरक पडतो, याचा हिशेब करून त्यांनी दाखवले की फरक पडतच नाही. आणि मध्ये फलन अनंत होत असेल, तर पडणारा फरक मोजता येतो. त्या फरकाला त्यांनी पुढच्याच वर्षी 'अवशेष' या अर्थाचे नाव दिले. तीच आजची अवशेष-गणना.

१२/
या पुस्तिकेने खळबळ उडाली काय? नाही. ती १८७४ मध्ये, जवळजवळ अर्धशतकाने, एका नियतकालिकात पुन्हा छापावी लागली. तिचे मोल जाणण्यासाठी संमिश्र फलन हा स्वतंत्र अभ्यासविषय मानावा लागतो. तसा तो अद्याप कोणीच मानत नव्हते. खुद्द कोशीही नाहीत. १८२१ च्या आपल्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात ते काल्पनिक राशींकडे केवळ चिन्हांची मांडणी म्हणून पाहत होते. ज्या प्रदेशाचा दरवाजा त्यांनी उघडला, त्याच्या विस्ताराची कल्पना त्यांना स्वतःलाही हळूहळूच येत गेली.

१३/
याच काळातील एक प्रसंग कोशींच्या चरित्रावर डाग ठेवून गेला. ३० ऑक्टोबर १८२६ रोजी नील्स हेन्रिक आबेल या नॉर्वेच्या २४ वर्षांच्या तरुणाचा निबंध अकादमीपुढे आला. परीक्षक होते लजांद्र आणि कोशी. निबंध कोशी घरी घेऊन गेले आणि तो त्यांच्या कागदपत्रांत तसाच पडून राहिला. एप्रिल १८२९ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, आबेल यांचा मृत्यू झाला. याकोबी यांनी चौकशी केल्यावर त्याच वर्षी कोशींनी अहवाल दिला. निबंध छापला गेला १८४१ मध्ये. स्वतःचे लेखन छापण्यास अधीर असलेल्या माणसाच्या दप्तरात दुसऱ्याचे आयुष्यभराचे काम अडकून राहिले.

१४/
जुलै १८३० मध्ये पुन्हा क्रांती झाली. नवा राजा लुई-फिलिप याच्याशी निष्ठेची शपथ घेण्यास कोशींनी नकार दिला. शपथ नाही तर प्राध्यापकपद नाही. कुटुंबाला मागे ठेवून ते देशाबाहेर पडले आणि अखेर तुरीन येथे पोहोचले. तेथल्या अकादमीपुढे ११ ऑक्टोबर १८३१ रोजी त्यांनी खगोलीय यांत्रिकीवरील निबंध सादर केला. ग्रहांच्या गतीची गणिते करताना अनंत श्रेणी कितपत विश्वासार्ह असते, हा त्यातला प्रश्न होता. उत्तरासाठी त्यांनी जे सूत्र वापरले, ते आज 'कोशीचे समाकल सूत्र' म्हणून ओळखले जाते.

१५/
हे सूत्र म्हणजे मूळ सिद्धांताचेच फळ. ते सांगते: बंद वक्रावरच्या फलनाच्या किमती ठाऊक असतील, तर आतल्या प्रत्येक बिंदूवरची किंमत ठरलेली असते. धातूच्या पत्र्याच्या कडांचे तापमान कायम राखले, की काही वेळाने आतील प्रत्येक जागेचे तापमान निश्चित होते, तशातला हा प्रकार. यातूनच पुढे निघते की ज्या संमिश्र फलनाचा एकदा अवकलज काढता येतो, त्याचा कितीही वेळा काढता येतो. नेहमीच्या वास्तव संख्यांच्या जगात असे मुळीच घडत नाही. संमिश्र जगाची शिस्त अशी विलक्षण कडक आहे.

१६/
तुरीनहून कोशी १८३३ मध्ये प्रागला गेले. पदच्युत दहावा शार्ल याच्या नातवाचे शिक्षक म्हणून. १८३८ मध्ये ते पॅरिसला परतले. अकादमीच्या सदस्यत्वाला शपथ लागत नसे, म्हणून तेथली खुर्ची टिकली. अध्यापनाचे दरवाजे मात्र बंदच राहिले. अकादमीच्या साप्ताहिक वृत्तांतात ते लिहीत राहिले. १८४६ मध्ये त्यांनी सिद्धांत कोणत्याही बंद वक्रासाठी मांडला. आज पाठ्यपुस्तकांत दिसते ते रूप हेच. १८४८ च्या क्रांतीने शपथच रद्द केली आणि क्रांतीच्या या आजन्म विरोधकाला वर्गात परतता आले, तेही क्रांतीमुळेच!

१७/
दरम्यान म्युन्स्टर येथे कार्ल वायरश्ट्रास या तरुणाने १८४१ मध्ये, ज्या वलयाकृती प्रदेशात मध्यभागी भोक आहे, तेथे फलन कसे मांडावे यावर एक टिपण लिहिले. ते त्यांनी छापले नाही आणि शाळामास्तरकी करीत राहिले. १८४३ मध्ये फ्रेंच लष्करी अभियंता पिएर अल्फोंस लोराँ यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली आणि अकादमीकडे धाडली. कोशींनी यावेळी अनुकूल अहवाल दिला, तरीही निबंध त्या काळी छापला गेला नाही. वायरश्ट्रास यांचे टिपण प्रकाशित झाले १८९४ मध्ये. आज त्या श्रेणीला लोराँ यांचे नाव आहे.

१८/
१८५१ मध्ये गटिंगेन येथे बर्नहार्ट रीमान यांनी आपला प्रबंध सादर केला. संमिश्र फलन म्हणजे भूमितीय वस्तू, ही दृष्टी त्यात पूर्ण जोमाने अवतरली. सातव्या क्रमांकाच्या पोस्टमधील गोल जिना आठवावा: त्याच्या मजल्यांसारखे एकमेकांवर रचलेले पृष्ठभाग रीमान यांनी गणितात आणले. त्या प्रबंधाचे परीक्षक होते वयोवृद्ध गाऊस. चाळीस वर्षांपूर्वी पत्रात लिहून ठेवलेला विचार आता दुसऱ्यांच्या हातून एक संपूर्ण शास्त्र होऊन त्यांच्यासमोर आला होता.

१९/
तरीही एक कच्चा दुवा होता. कोशींच्या सिद्धतेत अवकलज सलग बदलतो, त्यात खंड पडत नाही, हे गृहीत धरलेले होते. ते सिद्ध केलेले नव्हते. हा दुवा एदुआर गूर्सा यांनी पक्का केला. १८८४ मध्ये त्यांनी नवी सिद्धता दिली आणि १९०० मध्ये ते गृहीतक पूर्णपणे काढून टाकले. युक्ती साधी होती: प्रदेशाचे लहान-लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातील चूक किती लहान आहे हे मोजायचे. म्हणून आज अनेक पुस्तकांत 'कोशी-गूर्सा सिद्धांत' असे जोडनाव दिसते. १८११ ते १९००: एका सिद्धांताला पूर्ण रूप येण्यास ८९ वर्षे लागली.

२०/
एवढा खटाटोप कशासाठी? एक कारण: मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११… या संख्या पुढे-पुढे किती विरळ होत जातात, हा प्राचीन प्रश्न. रीमान यांनी १८५९ मध्ये तो एका संमिश्र फलनाशी जोडला. १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसँ यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्या विरळतेचा नियम सिद्ध केला. दोघांचेही हत्यार संमिश्र विश्लेषण होते. आणि त्याच्या मुळाशी कोशींचा सिद्धांत. मोजायच्या त्या साध्या पूर्ण संख्या, आणि त्यांचे रहस्य उलगडते काल्पनिक संख्यांच्या प्रतलावर! बोंबेलींचा अनुभव पुन्हा एकदा खरा ठरला.

२१/
दुसरे कारण थेट व्यवहारातले. विमानाच्या पंखाला मिळणारा उचल-जोर पंखाभोवतीच्या हवेच्या अभिसरणावरून काढता येतो, हे कुट्टा (१९०२) आणि झुकोव्हस्की (१९०६) यांनी दाखवले. आदर्श प्रवाहात हे अभिसरण पंखाला वेढणाऱ्या कोणत्याही बंद वाटेवर मोजले तरी तेच येते. पंख म्हणजे जणू सातव्या पोस्टमधले भोक. १९३२ मध्ये अमेरिकेत हॅरी नायक्विस्ट यांनी टेलिफोनच्या तारांवरील प्रवर्धक स्थिर राहील की किंचाळू लागेल, हे एक वक्र एका बिंदूभोवती किती फेऱ्या मारतो यावरून ठरवण्याची रीत दिली. तिचा पायाही हाच.

२२/
आणि हा सिद्धांत ठाऊक नसण्याची किंमत? ती एका भारतीयाच्या चरित्रात दिसते. श्रीनिवास रामानुजन यांनी किशोरवयात कुंभकोणम येथे कार यांचे एक जुने पुस्तक आत्मसात केले. त्यात हजारो सूत्रे होती. संमिश्र फलनांचा सिद्धांत नव्हता. १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधील या कारकुनाने केंब्रिजच्या गॉडफ्री हार्डी यांना पत्र लिहिले. त्यांची अनेक सूत्रे थक्क करणारी होती, परंतु मूळ संख्यांविषयीचे दावे चुकलेले निघाले. रीमान यांच्या फलनाच्या संमिश्र शून्यांचा परिणाम त्या विचारात धरलेलाच नव्हता. प्रतिभा अफाट होती. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी छापले गेलेले ज्ञान मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

२३/
तेच रामानुजन केंब्रिजला पोहोचल्यावर काय घडले ते पाहण्याजोगे आहे. ४ ही संख्या बेरजेच्या रूपात ५ प्रकारे लिहिता येते: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. मग १०० किती प्रकारे? हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये यासाठी सूत्र दिले. ही सर्व उत्तरे एकाच संमिश्र फलनात गुंफलेली असतात. कोशींच्या सूत्राने एका वर्तुळावर समाकलन केले, की हवे ते उत्तर बाहेर काढता येते. त्यांच्या सूत्राची पहिली सहा पदे १०० साठी १९,०५,६९,२९१.९९६ देतात. खरे उत्तर १९,०५,६९,२९२.

२४/
२०० साठी आठ पदे ३९,७२,९९,९०,२९,३८८.००४ देतात. पर्सी मॅकमहन यांनी हाताने केलेल्या हिशेबाचे उत्तर: ३९,७२,९९,९०,२९,३८८. सुमारे चार लाख कोटींच्या संख्येत फरक एका सहस्रांशाच्या चौपट. ज्याच्या अभावी रामानुजन अडखळले होते, त्याच साधनाला त्यांच्या अंतर्ज्ञानाची जोड मिळताच हे साधले. साधन नवे नव्हते. ते छापलेले होते, शिकवले जात होते आणि अखेर त्यांच्या हाती आले होते, इतकेच.

२५/
आता पहिला प्रश्न. गाऊस यांचे पत्र छापून जगापुढे आले १८८० मध्ये, पत्रव्यवहाराच्या संग्रहात. तोवर बेसेल, गाऊस, कोशी तिघेही काळाच्या पडद्याआड गेले होते आणि त्या पत्रातून शिकण्यासारखे कोणाला काही उरले नव्हते. गाऊस यांनी तो आधी ओळखला, यात वाद नाही. पण त्यांचा सिद्धांत कोणाच्या उपयोगी पडला नाही, कोणी तो तपासला नाही, सुधारला नाही. कोशींचा सिद्धांत अपुरा होता, सिद्धतेत कच्चा दुवा होता. पण तो उघड्यावर होता, म्हणून गूर्सा यांना तो पक्का करता आला आणि हार्डींमार्फत तो रामानुजनपर्यंत पोहोचला. म्हणून नाव कोशींचे, आणि ते रास्तच. फक्त ते नाव घेताना, त्यांच्याच दप्तरात तीन वर्षे पडून राहिलेला आबेल यांचा निबंधही आठवावा.

(धागा समाप्त)